पवित्राचा मुराळी

परदेश कसा पाहिजे, हे द्वारकाबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांची धाकटी जाऊ आशाबाई लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला जाऊन आली होती, तेव्हा आधीचे चार महिने घरात नुसती कागदांची पळापळ. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्या, फोटोत कान दिसू द्या, हसू नका. परत आल्यावर आशाबाई वर्षभर मुकुंदवाडीच्या भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी उचलून "आमच्या तिकडं अशी नसती बाई" म्हणत होती. त्याला म्हणतात परदेश.

आणि इथं त्यांचा बद्रीनाथ मोबाईलवर बोट फिरवत सांगत होता, "मनमाडहून रेल्वेनं गोरखपूर. तिथून जीप. मग एक कमान लागती, तिच्याखालनं चालत पलीकडं गेलं की नेपाळ."

"चालत?" लसूण सोलता सोलता द्वारकाबाई थांबल्या.

"व्हय. पन्नास-शंभर पावलं."

"अन् कुणी अडवीत नाय?"

"आपल्याला कशाला अडवतील? मतदानाचं कार्ड दाखवलं की झालं."

"मतदानाच्या कार्डावर तर रॉकेल बी देत नव्हते," द्वारकाबाई म्हणाल्या. "अन् हे म्हणे फॉरेन."

बद्रीनाथ एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायचा. त्याच दवाखान्यात पवित्रा नर्स होती. दोन वर्षांपूर्वी दोघांनी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा द्वारकाबाईंनी तीन दिवस तोंडात अन्न घेतलं नाही आणि चौथ्या दिवशी सुनेला ओवाळून घरात घेतलं. लोकांना सांगताना मात्र "मुलगी डोंगराकडची हाय" एवढंच सांगितलं. लोक म्हणाले, माहूरकडची का? द्वारकाबाई म्हणाल्या, तिकडंच, जरा वर.

नेपाळ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं दोनच गोष्टी यायच्या. एक, दर पहिल्या तारखेला काठी आपटत दारात येऊन सलाम ठोकणारा गुरखा. दुसरी, कॅनॉटच्या कोपऱ्यावरची मोमोजची गाडी. एका अख्ख्या देशाबद्दल एवढी माहिती त्यांना पुरेशी वाटत होती. आपण पाचोडचे, अकरा एकर मोसंबी, गावात शिरताना चार माणसं उठून उभी राहतात. सून पदरात पडली ती पडली. पण म्हणून आपल्या पोरानं पाच आठवड्यांची रजा टाकून, भर उन्हाळ्यात, त्या काठीवाल्यांच्या गावाला पाहुणा म्हणून जायचं?

पवित्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ही पोरगी सासूच्या दंडात रोज सकाळी साखरेचं इंजेक्शन द्यायची आणि टोचलेलं कळायचंसुद्धा नाही. आशाबाईच्या सुनेपेक्षा तिची भाकरी गोल यायची. हे द्वारकाबाईंनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवायला ती काय त्यांनी निवडून आणली होती?

"एक गोष्ट राहिली," द्वारकाबाई म्हणाल्या. "आमच्यात सून अशी पिशवी उचलून माहेरी निघत नाय. मुराळी यावा लागतो."

"मुराळी?" पवित्रानं विचारलं. सहा वर्षं या शहरात काढून तिचं मराठी चांगलं झालं होतं, पण हा शब्द दवाखान्यात लागत नसतो.

"माहेरचं माणूस. न्यायला येतं ते. दारात येतं, जेवतं, हात जोडून म्हणतं की आमची लेक पाठवा. मग सासू पाठवती. माझा भाऊ यायचा मला न्यायला. एका साली त्याला विंचू चावला, आला नाय, तर मी बी गेले नाय. दिवाळी इथंच काढली."

"आई, दोन हजार किलोमीटरवरनं कोण येणार मुराळी?" बद्रीनाथ म्हणाला.

"मग नाय येणार तर नाय जायचं. माझ्या सासूनं मला सोडलं नाय अन् मी सोडू व्हय?"

बोलून त्यांनी लसणाच्या पाकळ्यांवर फुंकर मारली आणि सालपटं उडवून दिली. काम फत्ते झालं होतं. नाही म्हणायचं नाही आणि जाऊ द्यायचं नाही, यासाठी रीत फार सोयीची असते.

पण पवित्रा दारातून हलली नाही. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं मोबाईल उलटा ठेवला.

"आई, तुला एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "आपल्याला तिथं कुणी बोलावलेलं नाय. हिच्या आईनं लग्न झाल्यापासून हिचा फोन घेतला नाय. आपण आपलं जायचं अन् दारात उभं राहायचं. घेतलं आत तर घेतलं."

द्वारकाबाईंना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "फोन घेतला नाय? का? आपल्यात काय खोट निघाली?"

"त्यांच्यात बाहेर लग्न केलेलं चालत नाय."

"बाहेर म्हंजी?"

"म्हंजी आपण, आई. आपण बाहेरचे."

द्वारकाबाई उठून उभ्याच राहिल्या. इतके दिवस त्यांची अशी समजूत होती की तिकडं, त्या डोंगरात, असा जावई मिळाला म्हणून पेढे वाटले असतील. त्या नाक मुरडत होत्या ते हक्कानं. समोरूनही कुणी नाक मुरडत असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मुरडायला तसलं नाक तरी हाय का त्यांना, असं त्या म्हणणार होत्या, पण सुनेचं नाक समोर होतं म्हणून गिळलं.

"मग तर नायच जायचं," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा कुणाच्या दारात भिक्षेकऱ्यासारखा उभा राहणार नाय. अन् गुरख्याच्या तर नायच नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळचं इंजेक्शन दुखलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. द्वारकाबाईंनी दंड चोळला, सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. डोळे सुजलेले होते. चार वर्षं या पोरीनं आईचं तोंड पाहिलेलं नव्हतं. लग्नाआधीची दोन रजा मिळाली नाही म्हणून, नंतरची दोन तोंड दाखवायची सोय नाही म्हणून. "नीट टोच की," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी पवित्रानं फोन लावला. आईला नाही, शेजारच्या चुलतीला. चुलतीला म्हणाली, फोन आमाच्या कानाला लाव आणि धरून ठेव. आमा म्हणजे आई. मग पलीकडं कुणी ऐकतंय की नाही याची खात्री नसताना ती जिन्याच्या पायरीवर बसून बोलत राहिली. द्वारकाबाई आत पंख्याखाली पडल्या होत्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण मधेच "सासू" ऐकू आलं आणि "मुराळी"ही. म्हटलं, घाल गाऱ्हाणं. सांग, सासू कशी नाठाळ भेटली. आम्ही काय भितो?

पाच मिनिटांनी पवित्रा आत आली. चेहरा असा की पंधरा वर्षांची वाटावी.

"आई, आमा बोलली. माझ्याशी बोलली."

"काय म्हणली?"

"मी सांगितलं, सासू म्हणतात रीतीनं न्यायला माणूस आल्याशिवाय लेकीला पाठवणार नाही. तर आमा म्हणाली, हे कोण म्हणालं? तुझी सासू म्हणाली? तिच्या घरात रीत आहे? मी म्हटलं, फार आहे." पवित्रानं श्वास घेतला. "आमच्यात पण तीजेच्या सणाला असंच माणूस पाठवतात लेकीला आणायला. आमाला वाटत होतं, मी असल्या घरात पडले जिथं लेकीसुना बाजारात गेल्यासारख्या येतात जातात. आता म्हणते, मी येते. स्वतः येते."

द्वारकाबाई उठून बसल्या. दार लावून घ्यायला म्हणून त्यांनी कडी घातली होती आणि त्याच कडीला धरून ती बाई आत येत होती.

"मला काय माहीत ती येईल म्हणून," त्या संध्याकाळी आशाबाईला म्हणाल्या.

"येऊ द्या की बाई," आशाबाई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "मी बी येते बघायला. नेपाळी विहीण मी अजून बघितली नाय."

"तमाशा हाय का?"

"तमाशा नाय तर काय. पण चांगली साडी नेसा तुम्ही. ती चॉकलेटी नको, त्यात तुम्ही आजारी दिसता."

एप्रिल संपता संपता पवित्राची आमा, बिष्णुमाया, आली. त्यांच्या गावातला एक माणूस पुण्याला हॉटेलात कामाला परत जात होता, त्यानं मनमाडपर्यंत सोबत केली. तिथून बद्रीनाथ घेऊन आला आणि मुकुंदवाडी स्टेशनावर उतरून दोघं चालतच आली, कारण रिक्षात बसायला विहीणबाई तयार नव्हत्या. "अख्ख्या वाटंनं एक शब्द बोलली नाय," बद्रीनाथ आईच्या कानात म्हणाला. "पाणी विचारलं तर खिडकीकडं तोंड केलं."

द्वारकाबाईंनी दारात उभं राहून पाहुणीला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. एवढीशी बाई. नाकात मोठी सोन्याची फुली, गळ्यात काचमण्यांच्या माळा, पायात प्लास्टिकच्या चपला, पाठीवर दोरानं बांधलेलं गाठोडं, आणि त्या गाठोड्याखाली कणा असा ताठ की गाठोडंच तिच्या आधारानं आल्यासारखं वाटावं. द्वारकाबाई थांबल्या. मुलीकडच्या बाईनं आधी हात जोडायचे असतात, ही साधी गोष्ट. पाहुणीही थांबली. तिच्याकडची साधी गोष्ट बहुतेक दुसरीच असावी. दोघी उंबऱ्याच्या अलीकडं-पलीकडं अशा उभ्या राहिल्या की आशाबाईनं श्वास रोखून धरला.

पवित्रा धावत आली आणि आईपुढं उभी राहिली. बिष्णुमायानं गाठोडं खाली ठेवलं, वाकली आणि लेकीच्या पायांना कपाळ लावलं.

"अगं बाई!" आशाबाई ओरडली. "आई लेकीच्या पाया पडती!"

"आमच्यात असंच असतं, काकू," पवित्रा रडता रडता म्हणाली. "लेकीच्या पाया पडतात."

"उलटं जग," द्वारकाबाई पुटपुटल्या. त्यांच्या आईनं त्यांना सासरी पाठवताना हात धरून एवढंच सांगितलं होतं की रडत परत येऊ नको. पाया पडली असती तर मेलेच असते मी, असं त्यांच्या मनात आलं आणि का कुणास ठाऊक, तिथं उभं राहवेना. त्या पुरण बघायला आत गेल्या.

मुराळ्याला पुरणपोळी करायची असते. द्वारकाबाईंनी केली होती. मनापासून नव्हे, पण हात मनाचं ऐकत नाही, तो चांगलीच करतो. ताट वाढलं, वर तुपाची धार सोडली आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "आवो विहीणबाई, बसो. पंखा लगाती मैं."

बिष्णुमायानं ताटाकडं पाहिलं, लेकीशी दोन वाक्यं बोलली. पवित्रा खाली बघू लागली.

"काय म्हणती?"

"आई, तुम्ही रागावू नका."

"रागवायचं का नाय ते मी ठरवीन. काय म्हणती?"

"आमा म्हणते, आम्ही बाहुन. म्हणजे ब्राह्मण. पाण्यात शिजवलेलं दुसऱ्याच्या हातचं आम्ही खात नाही. तिनं तांदूळ आणलेत. मागं अंगणात तीन विटा मांडू का, विचारते."



"माझ्या हातचं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "माझ्या हातचं खात नाय?"

साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी किती जणांचं पाणी टाळलं होतं, किती घरचा चहा "आत्ताच झाला" म्हणून नाकारला होता, याची गणती नव्हती. नाकारताना समोरच्याला काय वाटत असेल हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आता उत्तर आयतं ताटात वाढून आलं होतं. तूप घालून.

"अन् तू?" त्या सुनेवर उखडल्या. "तू दोन वर्षं माझ्या हातचं गिळती ती?"

"मी सगळंच खाते, आई. म्हणून तर फोन घेत नव्हती ती."

आशाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. "बाई, मी बसते जेवायला," ती म्हणाली. "ताट वाया कशाला घालायचं? मला तुमच्या हातचं चालतं."

मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या गेल्या. गाठोड्यातून तांदूळ निघाले, छोटं पितळी पातेलं निघालं, तुपाची बरणी निघाली. पाणी घ्यायला म्हणून बिष्णुमाया ओळीनं लावलेल्या निळ्या ड्रमांपाशी आली, झाकण उघडून आत बघितलं आणि काहीतरी विचारलं.

"आमा विचारते, नळ कुठं आहे?"

"नळ हाय की. पाणी गुरुवारी येतं."

"म्हणजे उद्या?"

"पुढच्या गुरुवारी."

पवित्रानं सांगितलं. बिष्णुमाया हसली. आल्यापासून पहिल्यांदा. दोन मजली इमारतीकडं, गच्चीवरच्या टाक्यांकडं, ड्रमांच्या रांगेकडं तिनं एकेक करून पाहिलं आणि पुन्हा हसली. त्या हसण्याला दुभाष्या लागत नव्हता.

"सांग तिला, आमची अकरा एकर मोसंबी हाय."

"आमा म्हणते, तिला काय पाजता?"

"सांग, टँकर. अन् विचार तिची किती जमीन हाय."

"आमची डोंगरात, पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत. घरामागं झरा आहे."

"पायऱ्यांवर शेती? माणसं पडत नसतील का?"

बिष्णुमायानं पातेलं विटांवर ठेवलं आणि न वळता उत्तर दिलं. "सांग," द्वारकाबाई म्हणाल्या.

"म्हणते, पडतात. पण आंघोळ करून पडतात."

तीन दिवस असे गेले. समोरासमोर बसायचं, एकमेकींचं काही खायचं नाही आणि सुनेच्या तोंडून एकमेकींना टाकून बोलायचं. बिष्णुमायाला इथलं ऊन म्हणजे माणसाची चूक वाटत होतं. झाडं लावली नाहीत म्हणून. दौलताबादचा किल्ला बद्रीनाथनं लांबून दाखवला तर म्हणाली, एवढ्या टेकडीवर किल्ला? आमच्याकडं असल्या टेकडीला नावसुद्धा देत नाहीत. द्वारकाबाईंनी ते ऐकून दोन दिवस किल्ल्याची बाजू घेतली. आयुष्यात त्या कधी वर चढल्या नव्हत्या.

देणंघेणंही झालं. द्वारकाबाईंनी कपाटातली द्यायघ्यायची साडी काढली, जी चार घरं फिरून त्यांच्याकडं आली होती आणि कुणाच्याच अंगाला लागली नव्हती. बिष्णुमायानं काठावरून अंगठा फिरवला, भुवया उचलल्या आणि गाठोड्यातून एक शाल काढून दिली. द्वारकाबाईंनी घडी हुंगली. तिला कुणा तिसरीच्याच पेटीतल्या कापराचा वास होता. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. बाई हुशार हाय, असं द्वारकाबाईंच्या मनात आलं, आणि ते त्यांना आवडलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बिष्णुमाया आंघोळ करून, कपाळाला टिळा लावून बैठकीत आली आणि जमिनीवर बसली. पवित्राला शेजारी बसवलं. मग तिनं द्वारकाबाईंपुढं हात जोडले. वाकली नाही, पण जोडले. मग चार शब्द बोलली.

"आमा म्हणते..." पवित्राचा हात मागच्या सोफ्याच्या कापडाला घट्ट धरून होता. "म्हणते, मी लेक न्यायला आलेय. सासूनं पाठवावी."

द्वारकाबाईंनी या घडीची तीन दिवस वाट पाहिली होती. जरा ताणायचं, जरा आढेवेढे घ्यायचे, तुमचं खाणं वेगळं नि बोलणं वेगळं, असे दोन शब्द सुनवायचे, हे सगळं तयार होतं. पण तो सोफ्याला धरलेला हात. असाच हात त्यांनी कधीतरी ओसरीच्या खांबाला धरला होता आणि सासू मुद्दाम शेणाच्या गोवऱ्या मोजत बसली होती.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. पवित्राला रडू फुटायच्या आत त्यांनी स्वतःला सावरलं. "पण मुराळ्यासंगं जावई जात नसतो आमच्यात. बद्री इथंच राहील."

"आई! माझं तिकीट काढलंय मी!" बद्रीनाथ म्हणाला.

बिष्णुमायाला सांगितलं तर तिनं जोरात मान हलवली. "आमा म्हणते, आमच्यात पण नाही जात. बरोबर आहे." दोन्हीकडच्या बायांचं चार दिवसांत पहिल्यांदा एकमत झालं होतं आणि त्याखाली बद्रीनाथ सापडला होता.

"मग महिन्यानं हा येईल तिला आणायला," द्वारकाबाई म्हणाल्या.

यावर मात्र मान हलली नाही. बिष्णुमाया सावकाश बोलली. मधूनमधून बोट द्वारकाबाईंकडं करत होती.

"आमा म्हणते, यानं एकदा लेक न विचारता नेली. आता याच्या हातात देणार नाही. मी बाई माणूस, कधी रेल्वेत बसले नव्हते, तुम्ही रीत सांगितली म्हणून आले. आता तुमच्याकडून बाई माणूस येईल. ज्यांनी मला बोलावलं त्या येतील." पवित्रा थांबली.

"पुढं बोल."

"नाहीतर लेक तिकडंच राहील, म्हणते."

घरातल्या घरात बोट उगारून रीत सांगणं वेगळं आणि कुणी ती गुंडाळून आपल्याच हातात देणं वेगळं. द्वारकाबाई उठल्या आणि अंगणात जाऊन वाळत घातलेले कपडे वाळले नसताना काढून आणले.

निघायच्या दिवशी सकाळी पवित्रानं इंजेक्शन दिलं, मग बद्रीनाथला शेजारी बसवून कसं द्यायचं ते दाखवलं, कागदावर मोठ्या अक्षरात वेळा लिहून फ्रिजला चिकटवल्या. सगळं झाल्यावर हळूच म्हणाली, "आई, तुम्ही याल ना?"

"बघू."

"तुम्ही नाही आलात तर आमा खरंच पाठवणार नाही. ती बोलते तसं करते."

"ते दिसलं मला चार दिवसांत."

"आई..."

"बघू म्हणलं ना. जा, केस विंचर. माहेरी चाललीस अन् अवतार बघ."

सून केस विंचरायला गेल्यावर त्यांनी बद्रीनाथला दोन लिटर दूध आणायला पिटाळलं. परातीत गव्हाचं पीठ घेतलं, मीठ टाकलं, तूप चोळलं आणि पाण्याचा तांब्या मुद्दाम लांब सरकवून नुसत्या दुधात पीठ मळलं. दशम्या. त्यांची आजी कडक सोवळ्याच्या माणसांना वाटेत खायला अशाच बांधून द्यायची. पाण्याचा थेंब नाही म्हणून त्या चालायच्या. बारा दशम्या झाल्या. हात भाजला, त्याचा दोष द्वारकाबाईंनी विहिणीला दिला.

"सांग तिला," त्या कापडात बांधलेलं पुडकं पुढं करत म्हणाल्या, "दुधात मळल्यात. पाणी लागलेलं नाय. तिच्या देवाला बी चालतील. नसल रुचत तर खिडकीतनं फेक म्हणावं, पण माझ्यासमोर नको."

बिष्णुमायानं पुडकं नाकाशी नेलं. मग काही न बोलता आपल्या गाठोड्यात, तांदळाच्या पिशवीवर ठेवलं. स्टेशनावर मनमाडची गाडी आली तेव्हा तिनं बद्रीनाथकडं चार दिवसांत पहिल्यांदा सरळ पाहिलं आणि त्याच्या शर्टाची मुडपलेली कॉलर ओढून नीट केली. एवढंच. पवित्रा वाकून सासूच्या पाया पडली आणि गाडी सुटली.

घर लगेच मोठं झालं. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथनं दिलेलं इंजेक्शन इतकं दुखलं की द्वारकाबाईंनी त्याला एक्स-रे काढणाऱ्यांच्या सगळ्या जातीसकट उद्धारलं. दहाच्या सुमाराला आशाबाई येऊन बसली. "मग, जाणार का बाई तुम्ही नेपाळला?" तिनं विचारलं. "जर्मनीसारखं काय नसल म्हणा तिथं."

"मी कशाला जाती? डोकं फिरलंय का माझं?"

तेवढ्यात फोन वाजला. पवित्रा. गाडी इटारसी कधीच ओलांडून गेली होती, आवाज तुटत होता.

"आई, आमानं दशमी खाल्ली!"

द्वारकाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "किती?"

"तीन. रात्री एक, आत्ता दोन."

"मग? काय म्हणली?"

पलीकडं नुसता गाडीचा आवाज. पवित्रा कुणाशी तरी बोलली, कुणीतरी ठसक्यात उत्तर दिलं.

"म्हणाली, हात चांगला आहे करणारीचा."

"अन्?"

"काही नाही, आई."

"पवित्रा, मला सांग. अन् काय म्हणली?"

"म्हणाली... दूध पातळ आहे तुमच्याकडचं. म्हशीला टँकरचं पाजत असतील."

द्वारकाबाईंनी फोन खाली ठेवला. आशाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मग त्यांनी बद्रीनाथला हाक मारली.

"मेच्या शेवटाला माझं तिकीट काढ. खालचा बाक पाहिजे. अन् दळणाला ज्वारी टाक, पाच किलो. मी तिच्या हातचं काय खाणार नाय. माझी भाकरी मी करीन, तिच्या अंगणात, तीन विटा मांडून. दूध तेवढं पिऊन बघीन तिचं, किती घट्ट हाय ते."

"बरं," बद्रीनाथ म्हणाला. तो हसत नव्हता, पण त्याला फार कष्ट पडत होते.

"अन् पाचोडला फोन लाव. मृगबहाराची शेवटची मोसंबी ठेवायला सांग. एक गोणी. डोंगरात मेल्यांनी कधी बघितली नसल."

"आई, तिच्या गावाकडं संत्री होतात. लई प्रसिद्ध हायत म्हणं."

"संत्री!" द्वारकाबाई म्हणाल्या आणि आशाबाईकडं वळल्या, जणू साक्षीला. "ऐकलंस? संत्री! दोन गोण्या सांग रे."